तीस मिली

पहाटे पाचला सोहारची हवा ओल्या टॉवेलसारखी.
वॉर्डातली यंत्रं अजून स्वतःलाच धुताहेत,
पहिली पाळी साडेपाचची.
तेवढ्या वेळात माझी कॉफी.

हातगिरणीत पंधरा ग्रॅम बिया.
गुडघ्यांत धरून फिरवते.
जिन्सी तिच्या हिंदीत विचारते,
पुडी फोडली की झालं, तू कशाला
सकाळी सकाळी दळण घेऊन बसतेस?
मी ओव्या म्हणत नाही. आकडे मोजते.

प्रेस म्हणजे काय, दोन नळ्या, एकीत दुसरी.
कायमचा मनिलाला निघालेल्या रोमेलने विकली
सहा रियालला, गाळायचे तीनशे कागद फुकट.
पहिल्यांदा पाहिली तेव्हा हसूच आलं,
ही तर सिरिंज! दिवसभर दुसरं काय करते मी?

पण तसं नाही.
शिरेत औषध सोडताना समोर माणूस असतो,
त्याच्या भुवया सांगतात किती सावकाश.
इथे नुसता तळहात.
घाई केली की पाणी वाट फोडून पळतं, कॉफी आंबट.
भीत भीत दाबलं की कडूजहर.
अब्बा मिरजेत तंबोऱ्याचे भोपळे घासायचे,
आतून, जिथे नजर पोचत नाही तिथे.
कुठे थांबायचं ते कळतं कसं, मी विचारलं होतं.
भोपळा सांगतो, म्हणाले.
मला वाटलं, टाळलं.

चार नंबरच्या खाटेवर वालिद खल्फान.
रविवार, मंगळवार, गुरुवार.
आधी काट्यावर उभे राहतात, भिंतीला हात न लावता.
अंगात साठलेलं पाणी आम्ही किलोत मोजतो
आणि चार तासांत काढून घेतो.
खजुराच्या झावळ्यांच्या होडीतून
उभा जन्म समुद्रावर काढलेला माणूस,
त्याला दिवसाचं पाणी पाऊण लिटर.

एकदा सुई लावताना म्हणाले,
सिस्टर, तुझ्या बाहीला कॉफीचा वास येतो.
वेलची नाही त्यात.
नाही, मी म्हटलं.
मग ती कॉफी नव्हे. डांबर.
पण वाकलेली मी सरळ होईपर्यंत
ते श्वास घेतच राहिले.

डॉक्टरांना विचारलं.
फायलीतून मान वर न काढता ते म्हणाले,
तीस मिली. लिहून ठेव.

गुरुवारी सव्वासहाला
दोन वेलदोडे ठेचून टाकले.
मनगट नाही, खांदा टेकवला, सगळी मी हळूहळू खाली आले,
आणि शेवटी नळीने फुस्स केलं,
डोक्यावरचा हारा उतरवताना बाई करते तसं.
तीस मिली सिरिंजनेच मोजले. सवय.
बिनकानाचा कप त्यांनी घरूनच आणलेला,
मुंडाशाच्या कापडात गुंडाळून,
म्हणजे मंगळवारपासून त्यांना खात्री होती.

डावा हात नळ्यांना बांधलेला,
कप उजव्यात. रीतही उजव्याचीच.
बराच वेळ प्यायले नाहीत.
रक्त बाहेर जात होतं, परत येत होतं,
कप नाकाशी तसाच.
मग तीन घोट. तिसऱ्यात काही असेल असं वाटत नाही.

आणि दोन बोटांत धरून कप हलवला,
डावीकडे, उजवीकडे.
इथे कप हलवला म्हणजे पुरे.
नाही हलवला तर यजमान ओततच राहतो.

माझ्याकडे ओतायला होतं काय?
रिकामी सिरिंज, आणि खिशात थर्मामीटर.
तरी मी मान लववली,
हातात पितळी दल्ला असल्यासारखी,
आग्रह करून थकल्यासारखी.

तक्त्यात लिहिलं : तोंडावाटे, कॉफी, तीस मिली.
वेळ सहा वाजून बावीस.
ओट्यावर येऊन गाळाची चकती ढकलली,
गोल, घट्ट, जवळजवळ कोरडी.
नळ्या विसळून उलट्या ठेवल्या.

दहाला यंत्र थांबलं. काटा बरोबर.
चपला शोधत पाय चाचपताना
खाली बघूनच म्हणाले,
वेलची कमी.